डॉल्फिनच्या कानांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही आणि आमच्या तापीत किंवा नर्मदेत डॉल्फिनही नाहीत. पण २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्गांची यादी आहे आणि तिच्यात या दोन्ही नद्या आहेत. जहाजं आली की पाण्याखालच्या आवाजाचं काय होतं, हे शोधताना डॉल्फिनच्या कानांचा इतिहास माझ्या हाती लागला.

तो सुरू होतो कोळ्यांच्या जाळ्यापासून. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या एका मत्स्यालयाचे प्रमुख आर्थर मॅकब्राइड यांच्या लक्षात आलं, की रात्री, गढूळ पाण्यातही डॉल्फिन जाळं चुकवतात. डोळ्यांनी दिसत नसताना त्यांना जाळं कळतं, म्हणजे ते आवाजाच्या प्रतिध्वनीवरून असावं, असा तर्क त्यांनी टिपून ठेवला. ते टिपण छापून आलं १९५६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे १९६७ मध्ये अमेरिकन नौदलाचे संशोधक स्कॉट जॉन्सन यांनी बॉटलनोज डॉल्फिनची श्रवणक्षमता प्रसिद्ध केली: ७५ ते दीड लाख हर्ट्झ. माणसाची धाव फार तर वीस हजारांपर्यंत. बाहेरून कानाची पाळी दिसत नाही; खालच्या जबड्यातली चरबीच आवाज आतल्या कानापर्यंत नेते.

एवढा तल्लख कान मोठ्या आवाजाने बिघडतो का, हे तपासलं तेही नौदलानेच, कारण पाण्यात सोनारचे प्रचंड आवाज सोडणारं तेच. सॅन डिएगोतल्या पाच बॉटलनोज डॉल्फिन आणि दोन बेलुगांवरचे प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आधी या प्राण्यांना बारीक स्वर ऐकू आला की खूण करायला शिकवलं. मग एक सेकंदाचा मोठा स्वर ऐकवून पुन्हा चाचणी घेतली. साधारण १९२ ते २०१ डेसिबलला त्यांना आधीपेक्षा कमी ऐकू येऊ लागलं. (पाण्यातले आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, हवेशी तुलना करायची तर यातून सुमारे ६२ वजा करायचे.) लग्नाच्या वरातीत डीजेशेजारी तासभर उभं राहिल्यावर आपले कान गुंग होतात, तसाच हा तात्पुरता बहिरेपणा. प्रयोगांच्या अखेरीस सगळ्यांची श्रवणशक्ती पूर्ववत झाली. पण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे: मोठा आवाज झाल्यावर काही प्राणी त्या जागी परत जायला तयार होईनात. कान बिघडायला लागतो त्याहून कमी आवाजातही वागणं बदलत होतं.

एका सरकारी मार्गदर्शिकेने उचलला तो आकडा मात्र कानाचा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या सागरी संस्थेने आवाजाच्या मर्यादा ठरवल्या, त्या अशाच प्रयोगांच्या आधारे, ऐकण्याची क्षमता कुठे घटू लागते हे पाहून.

आपल्याकडची गंगा या मोजणीतली उणीव दाखवते. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून निवडलेल्या गंगेतल्या डॉल्फिनच्या, म्हणजे सोंसच्या, डोळ्यांत भिंगच नसतं. त्याला फार तर उजेड-अंधार कळतो. मासा शोधणं, वाट काढणं, सगळं आवाजावर. २०१९ मध्ये मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी गंगेतल्या जहाजांच्या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जहाजांच्या गोंगाटात सोंसचे स्वतःचे आवाज बुडतात, त्याला आवाज काढण्याची पद्धत बदलावी लागते आणि शरीरावरचा ताण वाढतो. उन्हाळ्यात नदी उथळ झाली की हे अधिकच बिकट होतं. इथे कान शाबूतच असतो.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात हे ओळखीचं आहे. रिसीव्हर उत्तम चालू असतो, पण गोंगाट इतका असतो की निरोप पोचतच नाही. अशा वेळी 'यंत्र बिघडलेलं नाही' हा अहवाल खरा असूनही निरुपयोगी असतो.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन राहतात आणि तारकर्लीहून पर्यटकांच्या होड्या त्यांना पाहायला जातात. त्या होडीचा आवाज १९२ च्या जवळपासही जात नाही. नौदलाच्या आकड्यावर मोजलं तर तक्रारीला जागाच नाही. म्हणून आपल्या होड्यांसाठी आणि जलमार्गांसाठी नियम करताना कान कधी फुटेल एवढंच विचारून भागणार नाही. दिवसातले किती तास या प्राण्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो, हे मोजायला हवं.