ट्रेन हॉर्न म्हणजे काय? तो पिकअपवर कसा बसवतात आणि आपल्याकडे चालतो का?

समोर छोटी पिकअप, आवाज मात्र थेट रेल्वे इंजिनाचा! दचकलेले लोक आणि हसणारा ड्रायव्हर... अमेरिकेतले असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. हा आवाज येतो कुठून आणि आपल्या गाडीला असा हॉर्न लावता येतो का, समजून घेऊ.

साध्या हॉर्नपेक्षा वेगळं काय?

गाडीचा नेहमीचा हॉर्न बॅटरीच्या विजेवर वाजतो. ट्रेन हॉर्न दाबाखालच्या हवेवर वाजतो. हवा आतल्या पडद्याला थरथरवते आणि पुढचा कर्णा तो आवाज मोठा करतो. अमेरिकन इंजिनांवर बहुतेक वेळा तीन किंवा पाच कर्णे एकत्र असतात. प्रत्येकाचा सूर वेगळा असल्याने तो भारदस्त आवाज तयार होतो.

पिकअपवर कसा बसवतात?

• कंप्रेसर: 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि हवा दाबून भरतो. तो जास्त करंट खेचतो, म्हणून स्वतंत्र जाड वायर, रिले आणि फ्यूज लागतो.

• टाकी: हवा साठवते. दाब साधारण 150 पीएसआय, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या चौपटीहून जास्त.

• प्रेशर स्विच: टाकी भरली की कंप्रेसर बंद करतो, दाब घटला की पुन्हा चालू.

• व्हॉल्व्ह: बटण दाबलं की उघडतो आणि हवा कर्ण्यांकडे सोडतो.

कर्ण्यांची तोंडं थोडी खाली झुकवतात, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. टाकीत जमलेलं पाणीही अधूनमधून काढावं लागतं, नाहीतर ती आतून गंजते.

आवाज किती मोठा?

अमेरिकेच्या नियमानुसार रेल्वे इंजिनाचा हॉर्न 100 फुटांवर 96 ते 110 डेसिबल असावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे तोच हॉर्न 12 फुटांवर 114 ते 128 डेसिबलपर्यंत जातो. रूळ आणि माणूस यांच्यात अंतर असतं. रस्त्यावर मात्र शेजारी दुचाकीस्वार असतो. तो दचकला तर तोल जाऊ शकतो. इतक्या मोठ्या आवाजाने कानाला कायमची इजाही होऊ शकते.

भारतात चालतो का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 119 सांगतो की, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अतिकर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न वाहनावर बसवता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 एफनुसार विनाकारण किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा 1,000 आणि पुढच्या वेळी 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे हॉर्न कंपनीचा असला, तरी उगाच वाजवणं हा गुन्हाच.

थोडक्यात काय?

बाजारात किट मिळतं म्हणून ते रस्त्यावर चालतंच असं नाही. गाडीचा हॉर्न क्षीण झाला असेल, तर कंपनीने दिलेल्या प्रकारचाच नवा बसवा. रील पाहून कुणी मित्र हे किट मागवणार असेल, तर ऑर्डर देण्याआधी त्याला नियम 119 दाखवा.