वळणाची गाडी वळणावर

इतिहास म्हटला की आपल्याकडे लढाया, तह आणि सनावळ्या. गाडीत न बसता गाडी पळवायला शिकण्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. तेव्हा हे काम एका बी. कॉम. माणसाने अंगावर घेतलं आहे. विषय पडद्यावरच्या शर्यतींचा आहे. पेट्रोल लागत नाही, म्हणून मध्यमवर्गाला परवडणारा.

या इतिहासाची सुरुवातच हिशेबाच्या घोळाने झाली, हे मला फार भावतं. १९७४ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याला स्टिअरिंग, पेडल, गिअरचा दांडा, सगळं होतं. बनवायला खर्च १०९५ डॉलर आणि विक्रीची किंमत ९९५! म्हणजे जितका खप जास्त, तितकी कंपनी खड्ड्यात. जगातला पहिलावहिला पडद्यावरचा ड्रायव्हर वळणावर घसरायच्या आधी हिशेबनीस घसरला होता.

१९८२ मध्ये जपानच्या नामकोने ‘पोल पोझिशन’ काढला. त्यात आधी फुजीच्या ट्रॅकवर एक फेरी मारून लायकी दाखवायची, मग शर्यतीत उतरायचं. पुढे जेफ क्रॅमंड यांनी ‘रेव्हज’मध्ये सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक घरच्या संगणकावर आणला. १९९७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने तर लायसन्सची परीक्षाच ठेवली. पहिल्याच धड्यात काय, तर गाडी ठरलेल्या चौकटीत थांबवून दाखवा! आणि ही परीक्षा एजंटमार्फत देता येत नाही हो. पुढच्याच वर्षी ‘ग्रँड प्री लेजंड्स’ आला, १९६७ च्या शर्यतींच्या गाड्या घेऊन. या गाड्या इतक्या अवखळ, की शिकाऊंसाठी कमी ताकदीच्या गाड्या मुद्दाम दिल्या होत्या. पण नवशिका मोठ्या गाडीतच बसणार. आपल्याकडे नाही का, हार्मोनियम आणल्या दिवशीच भैरवी हवी असते!

नवशिक्याला वाटतं, वेग म्हणजे ॲक्सिलरेटर. खरी गोम ब्रेकमध्ये आहे. टायरची पकड हे बचत खातं समजा. ब्रेक आणि वळण, दोघांचे चेक त्याच खात्यावर. सगळी शिल्लक ब्रेकला दिलीत तर वळणाचा चेक परत येतो आणि गाडी सरळ गवतात. म्हणून सरळ रस्त्यावरच जोरात ब्रेक मारायचा, मग वळता वळता पाय हळूहळू उचलायचा. रस्त्याच्या बाहेरच्या कडेने शिरायचं, आतली कड शिवायची, पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं. आत सावकाश गेलेला माणूस बाहेर लवकर पडतो. हे बँकेच्या रांगेला लागू नाही, ट्रॅकला आहे. आणि एकच गाडी, एकच ट्रॅक, फेऱ्यांवर फेऱ्या. रोज गाडी बदलणाऱ्याला कुठलंच वळण लागत नाही.

हे शहाणपण पूर्वी कसं मिळायचं? इटलीचे पिएरो तारुफी हे इंजिनियर आणि शर्यतपटू. १९५७ ची मिल्ले मिलिया ही सार्वजनिक रस्त्यांवरची लांबलचक शर्यत त्यांनी वयाच्या पन्नाशीत जिंकली. (चाळिशीतल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) पण त्याच शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली. दोन्ही स्वार आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यात लहान मुलंही होती. तारुफींनी शर्यती सोडल्या आणि वळण कसं घ्यावं यावर पुस्तक लिहिलं. तो काळ असा होता, की चुकीतून शिकायचं, पण चूक करून जिवंत राहिलात तरच.

आजचा पोरगा तेच वळण संध्याकाळी चाळीस वेळा चुकतो, बटण दाबतो आणि एक्केचाळिसाव्यांदा बरोबर घेतो. आई जेवायला हाक मारते, एवढाच काय तो धोका. यातूनच स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ २००८ साली ‘ग्रॅन टुरिस्मो’ची स्पर्धा जिंकून खऱ्या गाडीत बसला, आणि २०११ ला ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी आपल्या वर्गात दुसरी आली.

पडद्यावर एकच गोष्ट मिळत नाही: पोटातला गोळा. ती शिकवणी खऱ्या रस्त्यावरच होते आणि तिथे पुन्हा सुरू करायचं बटण नसतं. म्हणून आमच्या घरी पडद्यावरच्या गाडीला पूर्ण मोकळीक आहे. स्कूटरची किल्ली मात्र माझ्या खिशात.