डोंगर ओळंब्याला ओढतो

आज उंचीबद्दल बोलायचं आहे. उंची मोजायची कुठून आणि कशी, या साध्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पण आधी एका वाडीची गोष्ट सांगतो, कारण आम्हाला हा इतिहास शोधावासा वाटला तो तिथल्या बायांमुळे.

पुण्याहून दोन-अडीच तासांवर, मुळशी तालुक्यातली ही वाडी. मागे डोंगराची सोंड आणि सोंडेपलीकडे बारमाही झरा. उन्हाळ्यात वाडीच्या बाया तिथूनच हंडे आणतात. तिथल्या बचत गटानं ठरवलं, झऱ्याचं पाणी पाइपानं शाळेजवळच्या टाकीत आणायचं. पाहणीला एक साहेब आले. माणूस चांगला. झऱ्यापाशी त्यांनी आपल्या फोनवर उंची पाहिली, ६२४ मीटर. वाडीत येईपर्यंत त्यांची बॅटरी संपली, म्हणून टाकीच्या जागेची उंची एका मुलाच्या फोनवर पाहिली, ६७२ मीटर. "ताई, टाकी झऱ्याच्या अठ्ठेचाळीस मीटर वर आहे. पाणी आपोआप यायचं नाही, मोटर लागेल," साहेब म्हणाले.

मोटर म्हणजे वीज आणि वीज म्हणजे दर महिन्याचं बिल. बाया गप्प झाल्या. त्यातली एक मावशी पुटपुटली, "झरा खाली कसा असेल?" पण तिलाही छातीठोकपणे सांगता येईना. झऱ्याकडे जाताना आधी सोंड चढायची, मग पलीकडे उतरायची, आणि येतानाही तेच. चढ दोन्हीकडे. भरलेला हंडा डोक्यावर असला की पायांना कुठलाच हिशेब कळत नाही.

फोन खोटं बोलले का? नाही. दोन्ही फोन आपापल्या जागी जवळजवळ बरोबर होते. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

पुण्याला उताराचं गणित जुनं आहे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला गेला. त्यात मोटर नव्हती आणि पंपही नव्हता. मैलोन्‌मैल नुसता उतार साधलेला. मध्ये हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले आणि शहरात जागोजागी हौद. उतार जरा जास्त झाला तर पाणी बांधकाम खातं, कमी झाला तर गाळ बसतो. हे साधणाऱ्या कारागिरांकडे काय होतं? पाण्याची पातळी आणि ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. घर बांधताना भिंत सरळ आहे का, हे गवंडी ज्याने बघतो तेच.

ओळंबा पृथ्वी ओढते त्या दिशेला लटकतो. म्हणजे "खाली" कुठे आहे, हे ओळंबा सांगतो. त्याला काटकोनात जे असेल ते सपाट, आणि सपाटावर पाणी थांबतं. उंचीचं सगळं शास्त्र या तीन वाक्यांत मावतं. पुढच्या सगळ्या भानगडीही यातूनच निघाल्या.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. एक सरळ रेघ काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या जागेचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं. ते डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचं. चढवणारे अर्थातच इथले खलाशी आणि हमाल. तापानं किती मेले, याची धड नोंदही नाही. लॅम्बटनची नोंद आहे. तो वीस वर्षं हेच करत वर सरकला आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ती साखळी वऱ्हाडातून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तिथे हिशेब चुकला. मध्य हिंदुस्थानातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना, या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन प्रकारांनी काढलं होतं. एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांवरून आणि एकदा आकाशातल्या ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत दीडशे मीटरच्या आसपास फरक पडला. शेकडो किलोमीटरमध्ये दीडशे मीटर म्हणजे फार नाही, असं आपल्याला वाटेल. पण ही माणसं इंच-इंच मोजणारी.

कलकत्त्यात जॉन प्रॅट नावाचे पाद्री होते, गणितात हुशार. ताऱ्यांची उंची बघताना यंत्र ओळंब्यावर सरळ करतात, आणि शेजारी हिमालयाएवढा डोंगर असेल तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. मग "सरळ" थोडं वाकडं होणार. प्रॅट यांनी हिमालय किती ओढेल याचा हिशेब मांडला, तर उत्तर आलं प्रत्यक्षातल्या चुकीच्या तिप्पट! म्हणजे हिमालय ओढत होता, पण जेवढा ओढायला हवा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानंच. एवढा मोठा डोंगर आणि ओढ इतकी कमी?

१८५५ च्या सुमाराला याची दोन उत्तरं पुढे आली, एक प्रॅट यांचं आणि दुसरं इंग्लंडच्या जॉर्ज एअरी यांचं. एअरी यांचं उत्तर विहिरीत ओंडके टाकून समजेल. बारीक ओंडका थोडा बुडतो आणि थोडा वर राहतो. जाड ओंडका जास्त वर दिसतो, पण बुडालेलाही जास्त असतो. डोंगराचं तसंच. वर दिसतो त्याच्या कितीतरी पट तो खाली रुतलेला असतो, आणि ते खालचं मूळ आजूबाजूच्या खोल खडकापेक्षा हलकं असतं, म्हणून ओढ कमी पडते. डोंगराला मूळ असतं ही गोष्ट जगाला कळली ती आपल्या देशातल्या एका चुकलेल्या बेरजेतून. आम्हाला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत आवडलं. चूक कुणी पुसून टाकली नाही, धरून ठेवली.

मग नुसती ओढ मोजण्याचं शास्त्र सुरू झालं. घड्याळाच्या लंबकासारखा लोलक हलवायचा आणि त्याचे झोके मोजायचे. ओढ जास्त तर झोका जलद. बसेव्ही नावाचे अधिकारी १८६५ पासून असे लोलक घेऊन देशभर फिरले आणि १८७१ मध्ये लडाखच्या थंडीत, उंचावर, काम करता करता वारले. आता त्यासाठी डब्याएवढं यंत्र मिळतं. त्यानं आपल्या भागात काय दिसलं? मुंबईच्या किनाऱ्याला ओढ जास्त भरते, कारण खाली जड खडक आहे. कोयनेच्या बाजूला कमी भरते. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा खडक शास्त्रज्ञ सतत तपासत आहेत. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा आपला काळा पाषाण सव्वा किलोमीटरपर्यंतच लागला, खाली निराळाच जुना खडक.

गंमत म्हणून सांगतो. समुद्रकाठी ताणकाट्यावर पन्नास किलो भरणारी बाई कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, थोड्याच ग्रॅमनं कमी भरेल. डोंगर चढून वजन कमी होतं ते एवढंच. गुडघ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

आता उंचीकडे येऊ. उंची समुद्रापासून मोजतात. मग पुण्यात समुद्र कुठून आणायचा? मनातल्या मनात अलिबागपासून सह्याद्रीच्या पोटातून पुण्यापर्यंत एक बोगदा खणा आणि त्यात समुद्राचं पाणी शिरू द्या. ते जिथे शांत उभं राहील ती पुण्याखालची समुद्रपातळी. शास्त्रज्ञ तिला जिऑइड म्हणतात. ती पातळी गोटीसारखी गुळगुळीत नसते. जिथे ओढ जास्त तिथे पाणी फुगवट्यानं उभं राहतं, जिथे कमी तिथे खोलगट. आणि जगातला सर्वांत मोठा खळगा आपल्या शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. तिथे समुद्रपातळी शंभर मीटरहून जास्त खाली बसलेली आहे. नावेतून जाणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्याचं "सपाट"ही पाण्याबरोबरच वाकलेलं असतं. हा खळगा का पडला याचा एक उलगडा २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अत्रेयी घोष आणि देबांजन पाल यांनी मांडला. आफ्रिकेखालून येणारा तापलेला, हलका खडक पृथ्वीच्या पोटात तिथे पसरला आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्या खळग्याचा उतार महाराष्ट्रापर्यंत येतो. उपग्रहाला मात्र ओळंबा ठाऊक नाही. तो पृथ्वी गुळगुळीत, जरा चपटी धरतो आणि त्या काल्पनिक गोळ्यापासून उंची सांगतो. पुण्याच्या परिसरात ती उंची खऱ्या समुद्रपातळीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून अधिक कमी भरते. अलिबागच्या वाळूत पाय भिजवत उभ्या राहिलात, तरी उपग्रहाच्या हिशेबानं तुम्ही साठ-पासष्ट मीटर खोल! काही फोन हा फरक मिळवून आकडा दाखवतात, काही कच्चा आकडाच दाखवतात. साहेबांचा फोन कच्चा होता आणि त्या मुलाचा पक्का.

या चुकीला आम्ही साहेबांना बोल लावत नाही. आमची तक्रार जुनी आहे आणि इतिहासाकडे आहे. १८५८ पासून इंग्रजांनी देशभर पातळी मोजत नेली, नऊ बंदरांवर समुद्राची भरती-ओहोटी वर्षानुवर्षं नोंदवली आणि १९०९ मध्ये सगळा हिशेब जुळवला. नागपूरच्या झिरो माइलजवळच्या दगडाची उंची १०२०.१७१ फूट अशी, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेली आहे. पण ही मोजणी गेली ती रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेनं. सरकारला कालवे काढायचे होते, रूळ टाकायचे होते. सोंडेपलीकडच्या झऱ्याची उंची कुणाला हवी होती? ओढ मोजणारे डबेही बहुतेक गाडी जाते तिथवरच गेले. जिऑइडचं गणित या नोंदींवरच उभं राहतं, म्हणून डोंगरात ते कच्चं राहतं. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत देशाचा उंचीचा नकाशा करायचं ठरलं आहे. त्यात सपाटीसाठी पंचवीस सेंटिमीटरची अचूकता आणि डोंगराळ भागासाठी एक ते तीन मीटरची.

आणि डोंगरातच तर थोड्या उंचीनं सगळं बदलतं. घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचं बुटकं सदाहरित रान, आणि तासाभराच्या उतारावर पानगळीची झाडं. सडा, त्याखालचा कडा, कड्याच्या पायाशी झरा, हे सगळं उंचीनं आणि उतारानं बांधलेलं आहे. पुण्याचे माधव गाडगीळ ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून कुठला भाग किती नाजूक ते ठरवलं, त्यातही उंची आणि उतार हे निकष होते. म्हणजे कुठे खाण होईल, कुठे रस्ता होईल, याच्या वादात उंचीचा आकडा साक्षीला येतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. कुठला उतार धोक्याचा, हे नकाशावरून शोधताना नऊ किलोमीटरचा चौकोन पुरत नाही. घरामागची बांदी दिसावी लागते.

आता वाडीत परत येऊ. आम्ही पुण्यात येऊन जाणत्यांना विचारलं, फोनचं कोडं समजून घेतलं आणि गटाला कळवलं. पण बाया थांबल्याच नव्हत्या. त्यातल्या दोघींनी पाणलोटाच्या कामाच्या वेळी हायड्रोमार्कर वापरला होता. दोन पट्ट्या आणि मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं, पट्टीवरचा फरक वाचायचा. इथे फोन नको, उपग्रह नको. पृथ्वीची ओढ असेल तशी नळीतल्या पाण्यात उतरते.

एका सकाळी सहाजणी झऱ्यापासून निघाल्या. सोंडेवरून न जाता तिच्या नाकाला वळसा घालून, म्हणजे पाइप जाईल त्याच वाटेनं. दोघी पट्ट्या धरणाऱ्या, एक नळीतले बुडबुडे काढणारी, दोघी कारवीतून वाट करणाऱ्या आणि दहावी झालेली सून लिहिणारी. तिच्याकडे वही होती ती बचत गटाचीच. रकाने आधीच आखलेले होते, तेच तिनं वापरले. जिथे जमीन उतरली तो आकडा जमेत, जिथे चढली तो खर्चात. दुपारी भाकरीपुरत्या थांबल्या आणि ऊन कलायला लागलं तेव्हा शाळेजवळ पोचल्या.

आम्ही ती वही पाहिली. दोन पानं भरून आकडे आहेत, एके ठिकाणी खाडाखोड, शेजारी "नळी सुटली, परत मोजले" असं लिहिलेलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी बेरीज आहे. जमेतून खर्च वजा जाता शिल्लक सतरा मीटर बेचाळीस सेंटिमीटर, आणि खाली सहाजणींच्या सह्या, त्यात एक अंगठा.