जन्मवजन आणि मधुमेह

जन्मवजन आणि मधुमेह : जन्मावेळच्या अंगलटीचा पुढील आयुष्यातील टाइप-२ मधुमेहाशी असलेला संबंध. जन्मतः हलक्या असलेल्यांना उतारवयात हा आजार अधिक जडतो, हे इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्याच्या जुन्या जन्मनोंदींवरून १९९१ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी हेल्स आणि बार्कर यांनी त्याची उपपत्ती मांडली : पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदूला जपतो आणि स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो, पुढे खाणे मुबलक झाले की ती काटकसर अंगाशी येते. मात्र जन्मवजन भरपूर असले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. गर्भारपणी आईला मधुमेह असल्यास मूल बहुधा जाडजूड जन्मते आणि त्यालाही धोका राहतोच.

या विषयातले भारतातील पायाभूत काम पुण्याचे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी तिथेच जन्मलेली मुले चौथ्या आणि पुन्हा आठव्या वर्षी तपासली. जन्मतः हलकी पण आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुले इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. बाळसे धरले म्हणून घरची माणसे खूश होतात, त्या कौतुकाला ही दुसरी बाजू आहे.

१९९३ मध्ये याच गटाचा पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. दंड, पोट, डोके, सगळीच मापे लहान. मात्र पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्याच्या मापकात धरली, तेव्हा चरबीत त्या मानाने फारच थोडी तूट आढळली. म्हणजे कमतरता होती ती मुख्यतः मांसाची, चरबीची नव्हे. ‘रोड पण मेदयुक्त’ भारतीय बाळाची ही कल्पना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेच्या रक्ताची तुलना झाली होती. तीत पुण्याच्या बाळांत इन्शुलिन जास्त आढळले. वजनकाट्याला यातले काहीच कळत नाही. तो फक्त अडीच किलोच्या वर की खाली, एवढेच सांगतो.

आईच्या आहारात उष्मांकांइतकेच महत्त्व सूक्ष्म पोषकांना आहे. याच खेड्यांत पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेटची कमतरता मात्र विरळाच. फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनरोध सर्वाधिक आढळला (२००८).

हे निष्कर्ष श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या किनारपट्टीच्या गावांना जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळते. पुण्याच्या अवर्षणप्रवण खेड्यांत दूध सोडल्यास असे अन्न क्वचितच ताटात येई. किनाऱ्यावर ज्या घरांत मासळी शिजते, तिथे ते नेहमीचे असते.