शिपायाचे देणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत अजूनही वहीपूजन होते. नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, वर 'श्री' येते, आणि घरातली लहान मुले फराळाकडे डोळा ठेवून आरती म्हणतात. परंतु या गोड सोहळ्याच्या आधी दुकानदाराला एक कमी गोड काम करावे लागते. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढून घ्यावी लागते. देणे जुने झाले म्हणून ते बुडत नाही.

राज्यांच्याही अशाच वह्या असतात आणि त्यांतही जुनी देणी असतात. त्यांतले सर्वांत अवघड देणे शिपायाचे. तोफा गडगडत असतात तोवर ते सर्वांना मान्य असते. तोफा थंडावल्या की ते कोणी फेडायचे याचा वाद सुरू होतो. आपल्याकडे मराठेशाहीत रणात पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' लावून देत. त्या एका शब्दात केवढी जबाबदारी आहे! पण आज मी वाचकांना जरा दूरच्या मुलखात नेणार आहे.

त्याला कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा मी नेहमीप्रमाणे यॉर्कटाऊनच्या विजयापाशी आणून संपवला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग त्या शिपायांचं काय झालं?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला बसलो, आणि धडा जिथे संपतो तिथेच खरी गोष्ट सुरू होते हे ध्यानात आले.

वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या साध्या शिपायाचा पगार महिना पावणेसात डॉलरच्या आत होता, आणि तोही कागदी नोटांत. युद्ध लांबले तशा त्या नोटा इतक्या घसरल्या की, कवडीमोल वस्तूला त्यांचेच नाव पडले. पुढे पुढे तर तोही पगार थकू लागला. अधिकारी नोकरी सोडून जाऊ लागले, तेव्हा १७८० साली काँग्रेसने त्यांना तहहयात निम्मा पगार देण्याचे वचन दिले. वचन द्यायला पैसे लागत नाहीत, पाळायला लागतात. आणि या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता! तिने तेरा राज्यांकडे मागणी करायची आणि राज्यांनी जमेल तेव्हा, जमेल तेवढे धाडायचे, असा कारभार. आयात मालावर शेकडा ५ जकात बसवावी, अशी सूचना १७८१ साली पुढे आली. तिला तेराही राज्यांची संमती हवी होती. त्यांतले सर्वांत चिमुकले राज्य ऱ्होड आयलंड. १७८२ च्या अखेरीस त्याने नकार दिला आणि सारा बेत कोसळला.

आता न्यूबर्गच्या छावणीत चला. १७८३ चा मार्च महिना. तह दाराशी आलेला. वास्तविक आनंद व्हावा. पण अधिकाऱ्यांच्या पोटात भीती उभी राहिली होती. तह झाला की आपल्याला घरी पाठवतील, आणि हातात बंदूक नसलेल्या माणसाचे देणे कोण देतो? एक निनावी पत्र छावणीत फिरू लागले. तह झाला तर शस्त्रे खाली ठेवू नका, युद्ध चालले तर काँग्रेसला वाऱ्यावर सोडून अरण्यात निघून जा, असा त्याचा मथितार्थ.

१५ मार्चला अधिकाऱ्यांची सभा भरली आणि वॉशिंग्टन अनपेक्षितपणे तिथे आला. त्याने संयमाचा उपदेश केला. चेहरे कठोरच राहिले. मग त्याने काँग्रेसच्या एका सभासदाचे पत्र वाचायला काढले, दोन ओळी अडखळत वाचल्या, थांबला, आणि खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लावताना बहुतेकांनी कधी पाहिले नव्हते. देशाच्या चाकरीत आपले केस पिकले, आता डोळेही मंद झाले, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटत त्याने माफी मागितली. उपदेशाने जे झाले नाही ते त्या चष्म्याने केले. पुष्कळांचे डोळे पाणावले आणि बंड तिथेच विरले. २२ मार्चला काँग्रेसने निम्म्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार मान्य केला. पण रोख नव्हे, शेकडा ६ व्याजाच्या रोख्यांत.

साधे शिपाईसुद्धा असेच कागद खिशात घालून पायी घरी निघाले. जून महिन्यात काहींचा धीर सुटला. त्यांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा दिला, आणि सभासद मंडळी शहर सोडून प्रिन्स्टनला गेली.

घरी बायको, मुले, नांगर, सावकार. कागद खाता येत नाही. म्हणून शिपायांनी ते रोखे रुपयाला दोन-तीन आणे अशा भावाने विकून टाकले. ते सटोडियांच्या तिजोरीत साठले. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याला आपले युद्धाचे कर्ज फेडण्याची निकड लागली आणि त्याने शेतकऱ्यांवर भारी कर बसवले. हा शेतकरी कोण? बहुधा कालचा शिपाईच. आपण दोन आण्यांत विकलेल्या कागदाचे सोळा आणे दुसऱ्याला मिळावेत म्हणून तो आता कर भरणार, आणि न भरला तर त्याची गुरे जप्त होणार! १७८६ साली हे लोक उठले. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज. बंकर हिलला लढलेला कॅप्टन. लाफायेतने दिलेली मानाची तलवारही त्याने गरजेपायी विकली होती. बंड मोडायला सरकारी खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. शिपायाचे देणे द्यायला जो पैसा सापडत नव्हता, तो त्याच्यावर फौज पाठवायला मात्र सापडला.

या बंडाने शहाण्यांचे डोळे उघडले. १७८७ साली नवी घटना तयार झाली आणि मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकार मिळाला. १७९० साली हॅमिल्टनने सारे रोखे पुऱ्या किमतीने फेडण्याची योजना मांडली. मॅडिसन म्हणाला, मूळच्या शिपायालाही त्यातला वाटा द्या. त्याची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली. देशाची पत राहिली. शिपायाच्या हाती काही आले नाही.

त्यानंतर पाऊण पिढी गेली. अध्यक्षपदी जेम्स मन्रो आला. हा स्वतः ट्रेंटनच्या लढाईत जखमी झालेला. त्याच्या शिफारशीवरून १८१८ साली कायदा झाला. निदान नऊ महिने राष्ट्रीय सैन्यात चाकरी केलेल्या गरजू शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २० पर्यंत. लोकशाहीत पेन्शनरांचा वर्ग नको, असे म्हणणारे सेनेटमध्ये होतेच. १८१६ ते १८२० या चार वर्षांत पेन्शनर २,२०० वरून १७,७३० वर गेले आणि खर्च १,२०,००० डॉलरवरून १४ लाखांवर. अंदाजपत्रक हादरले. १८२० साली हुकूम निघाला, की प्रत्येक म्हाताऱ्याने न्यायालयात येऊन आपल्या चीजवस्तूंची यादी शपथेवर द्यावी.

अशीच एक यादी जोसेफ प्लम मार्टिनने दिली. पंधराव्या वर्षी तो सैन्यात गेला होता. युद्धानंतर मेन भागात त्याने शेती केली, पण त्या जमिनीवर युद्धकाळातला सेनानी हेन्री नॉक्स याने हक्क सांगितला आणि ती मार्टिनच्या हातून गेली. आता एकोणसाठाव्या वर्षी तो लिहून देतो, की जवळ दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर आहे. बायको संधिवाताने आजारी. अंगात काम करण्याची ताकद नाही. ज्याने एक राष्ट्र उभे करायला हात लावला, त्याला त्या राष्ट्रापुढे आपली डुकरे मोजून दाखवावी लागली! त्याला पेन्शन मिळाली. हजारोंची नावे मात्र त्या यादीपायी कमी झाली. त्यांतली बरीच १८२३ च्या कायद्याने परत लागली.

दारिद्र्याचा दाखला न मागता, केवळ चाकरीबद्दल पेन्शन देणारा सर्वसाधारण कायदा १८३२ साली झाला. तह होऊन तेव्हा एकोणपन्नास वर्षे लोटली होती. विशीतला शिपाई सत्तरीत पोचला होता. पुष्कळ जण पोचलेच नव्हते.

आणि तरीही ही वही किती काळ उघडी राहते पाहा. त्या युद्धातल्या शिपायाची शेवटची पेन्शनर विधवा १९०६ साली वारली. पुढे तिथेच जे यादवी युद्ध झाले ते १८६५ साली संपले. त्यातल्या एका शिपायाच्या मुलीला मिळणारी पेन्शन तिच्या मृत्यूने थांबली ती २०२० साली.

अंदाजपत्रक म्हटले की आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. आकड्यांचे रुक्ष जंगल! पण कृतज्ञतेची भाषणे फुकट होतात. कृतज्ञता खरी आहे की नाही, हे त्या आकड्यांतच कळते. ऱ्होड आयलंडला शिपायांचा द्वेष नव्हता, त्याला फक्त जकात नको होती. तेवढ्याने पुरले.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजी, पैसे होते. फक्त वेळेवर दिले नाहीत."

धड्याखाली लिहायला मला याहून चांगले वाक्य सुचले नाही.