पाठीमागचा आवाज, दोन तारांतून

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला येते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला क्षणभर डोळे मिटून उभे राहावे. एक दिंडी डावीकडून येत असते, दुसरीचे टाळ उजवीकडे विरत असतात, आणि पाठीमागच्या अंगणातून कोणी वारकऱ्यांना पाण्यासाठी हाक मारत असते. डोळे न उघडता आपण हे सारे बिनचूक सांगतो. कान तर दोनच, आणि त्यांच्यात अंतर जेमतेम एक वीत! बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. मेंदूला तेवढे पुरते. पुढचे-मागचे कळायला कानाच्या पाळीचा आकार आणि मानेची बारीकशी हालचाल मदतीला येते.

याच गावात आम्हांला एक कोडे भेटले. पानमळ्याच्या पैशांतून वीसेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला एक संच होता: डीव्हीडी प्लेअर, ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक मोठे खोके. प्लेअर बिघडला, म्हणून घरातल्या मुलाने टीव्हीला इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी काडी जोडली. चित्र झकास, पण मागचे दोन स्पीकर मुके. दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, ‘जुने भंगारात घाला.’ मालकांना ते पटेना, आम्हांलाही नाही.

दुरून दिशेसह आवाज ऐकण्याची कल्पना फार जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन वेगळ्या तारांचा आवाज ऐकवला. पुढे १९३१ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन याने आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची युक्तीही त्यातच आहे. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे ३८ होते.

दोनाहून अधिक दिशांचा आवाज आधी चित्रपटगृहांत आला. मुंबईच्या मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला ‘शोले’ आठवा. ७० मिलिमीटरच्या फितीवर आवाजासाठी सहा चुंबकीय पट्ट्या असत. घरात एवढ्या पट्ट्या कुठून आणायच्या? तबकडीला दोनच वाटा. मग १९७० च्या सुमारास चार आवाज दोन वाटांत कोंबण्याचे प्रयत्न सुरू झाले. कंपन्यांनी परस्परांशी न जुळणाऱ्या निरनिराळ्या पद्धती काढल्या, गिऱ्हाईक गोंधळले आणि दशक सरता सरता सगळ्याच बुडाल्या. त्यांतले गणित मात्र तगले, आणि ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

समजा, डावी वाट ‘डा’ आणि उजवी ‘उ’. मधला आवाज, म्हणजे संवाद, दोन्हींत सारखाच मिसळायचा. मागचा आवाजही दोन्हींत मिसळायचा, पण अशा रीतीने की एकीकडे लाट चढत असताना दुसरीकडे ती उतरत असेल. ऐकताना बेरीज केली (डा + उ), की मागचा आवाज कटतो आणि संवाद उरतात. वजाबाकी केली (डा − उ), की संवाद कटतात आणि मागचा आवाज हाती येतो. चलाख विद्यार्थी इथे हात वर करील: अज्ञाते चार आणि समीकरणे दोनच, मग उत्तर नेमके कसे मिळेल? खरेच मिळत नाही. फक्त डावीकडचा आवाज बेरजेतही डोकावतो आणि वजाबाकीतही. १९८७ मध्ये आलेल्या ‘प्रो लॉजिक’ने यावर तोड काढली. त्या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज जोरकस आहे ते मंडल ओळखते आणि इतर स्पीकरांतली त्याची गळती दाबते.

डीव्हीडीच्या काळात आवाज अंकांत आला. सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या ऑप्टिकल जोडणीतून सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, असे दोन आवाज जातात, म्हणजे १५,३६,००० बिट. सहा आवाजांना तिप्पट जागा लागेल, ती तिथे नाही. म्हणून ‘डॉल्बी डिजिटल’ पद्धत कानाला न जाणवणारा भाग वगळून सहाही आवाज डीव्हीडीवर ४,४८,००० बिटांत, म्हणजे मूळच्या दहाव्या हिश्शात, बसवते. जुन्या ॲम्प्लिफायरला हीच भाषा कळते. इंटरनेटवरील चित्रपट बहुधा तिच्या पुढच्या पिढीची, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ची, भाषा बोलतात. ती ऑप्टिकल तारेतून जात नाही, आणि आजच्या काड्यांना तर ऑप्टिकल तोंडच नसते. सारे एचडीएमआयमधून टीव्हीत जाते.

निमगावच्या घरी टीव्हीच्या पाठीमागे मात्र ते चौकोनी तोंड होते. दुभाष्याचे काम टीव्हीकडूनच करून घेतले. ध्वनीच्या यादीत ‘पीसीएम’ निवडलेले होते, म्हणजे फक्त दोन आवाज. तिथे ‘डॉल्बी डिजिटल’ केले, एक ऑप्टिकल तार जोडली, आणि मागचे स्पीकर बोलू लागले. (काही टीव्ही बाहेरून आलेल्या आवाजाचे दोनच करून पुढे देतात. तेव्हा एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी मध्ये लावावी लागते.)

ज्यांच्याकडे नुसता जुना स्टिरिओ आहे, त्यांनीही हिरमुसू नये. अमेरिकेतील डेव्हिड हॅफलर याने १९७० च्या सुमारास लोकप्रिय केलेली जोडणी करून पाहावी. ८ ओहमचे दोन जादा स्पीकर एकसर जोडायचे आणि त्या जोडीची दोन टोके ॲम्प्लिफायरच्या डाव्या व उजव्या धन अग्रांना लावायची. ऋण अग्रांना काही लावायचे नाही. वजाबाकी आपोआप होते! आधी यंत्र बंद करून दोन्ही ऋण अग्रे आतून जोडलेली आहेत ना, हे मल्टिमीटरने तपासावे. ती जोडलेली नसतील तर हा प्रयोग करू नये, यंत्र जळू शकते. मग एखादे जुने, एकाच वाटेवर मुद्रित झालेले गाणे लावावे. समोरचे स्पीकर गात असताना मागचे जवळजवळ गप्प राहिले, तर जोडणी बरोबर आहे.