सालारजंग संग्रहालय : खासगी संग्रह ते राष्ट्रीय ठेवा

हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सालारजंग संग्रहालय पाहून परतणाऱ्याच्या स्मरणात बहुधा दोन वस्तू राहतात : बेंझोनीने संगमरवरात घडविलेली अवगुंठित रिबेका आणि तासाच्या ठोक्याला गर्दी जमविणारे घड्याळ. या वस्तू कोणाच्या मालकीच्या, त्यांची मोजदाद कोण ठेवतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. संग्रहालयाचा खरा इतिहास मात्र याच प्रश्नात सामावलेला आहे.

तिसरे सालारजंग नवाब मीर युसुफ अली खान हे 1912 ते 1914 या काळात निझामाचे दिवाण होते. पद सुटल्यावर उर्वरित आयुष्य आणि संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी संग्रहाला वाहिला. रिबेकेची मूर्ती त्यांच्या आजोबांनी, म्हणजे पहिल्या सालारजंगांनी, 1876 मध्ये रोम येथे घेतली होती. घराण्यातील अशा ठेव्यात नवाबांनी चित्रे, हस्तिदंती कलाकुसर, चिनी मातीची भांडी, शस्त्रे आणि अरबी-फारसी हस्तलिखिते यांची अखंड भर घातली. 2 मार्च 1949 रोजी ते निवर्तले. ते अविवाहित होते. संस्थान भारतात विलीन होऊन सहा महिनेही लोटले नव्हते. अशा संधिकालात थोर संग्रहांची वाट लिलावाच्या मांडवातून जाते, असाच सर्वत्र अनुभव आहे.

येथे तसे घडले नाही. मिळकतीच्या व्यवस्थेसाठी समिती नेमण्यात आली. कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्या साहाय्याने निरनिराळ्या वाड्यांतील वस्तू दिवाण देवडीत एकत्र मांडल्या गेल्या आणि 16 डिसेंबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. परंतु उद्घाटनाने मालकी ठरत नसते. 1958 मध्ये उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या आधारे तडजोड होऊन वारसदारांनी संग्रह राष्ट्राला अर्पण केला. 1961 मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयास त्याच्या ग्रंथालयासह राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि कारभार विश्वस्त मंडळाकडे सोपविला. आंध्र प्रदेशचे राज्यपाल मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. 2014 मध्ये तेलंगण राज्य निर्माण झाल्यानंतर तो मान तेलंगणच्या राज्यपालांकडे आला. दरम्यान 1968 मध्ये संग्रह आजच्या इमारतीत हलविण्यात आला होता.

नवाबांच्या हयातीत संग्रहाची खरी सूची त्यांच्या स्मरणात होती. ते गेले आणि तिची जागा नोंदवहीने घेतली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, वर्णन, मोजमाप, आगमनाची हकीकत आणि ठेवण्याची जागा हवी; शिवाय ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष पडताळणी हवी. दालनातील वस्तूवर हजारो डोळ्यांचा पहारा असतो. कोठारातील वस्तूला मात्र नोंदीवाचून दुसरा रक्षक नाही. ज्या वस्तूची नोंद नाही, ती हरवली तरी हरवल्याचे सिद्ध करता येत नाही. म्हणूनच विश्वस्ताचे पहिले कर्तव्य नवी खरेदी नव्हे, असलेल्याचा हिशेब हे होय.

विश्वस्त मालक नसतो. पूर्वसूरींनी दिलेले मोजून घ्यावे आणि पुढच्यांच्या हाती मोजून द्यावे, एवढाच त्याचा अधिकार. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत ग्रंथाचा क्रमांक घालणाऱ्या हाताचे कार्यही याहून निराळे नाही. संग्रह उभा राहतो तो एकाच्या ध्यासाने; पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो अनेकांच्या चोख नोंदीने.